लॉग फाइल फुगली आणि सर्व्हरचा लोड चढला : तपास, तातडीचे उपाय आणि कायमचा बंदोबस्त

चार कोअरच्या सर्व्हरवर लॉगिन केले, ‘टॉप’ (चालू प्रोग्रॅम आणि त्यांचा भार दाखवणारी कमांड) चालवले आणि वरच्याच ओळीत लोड ॲव्हरेजचे तीन आकडे दिसले : 27.40, 24.15 आणि 19.80. प्रोसेसरवर कामाचा डोंगर कोसळला आहे, असाच कोणाचाही पहिला समज होईल. पण त्याखालच्या ओळीत प्रोसेसरचा जेमतेम 6 टक्के वेळ प्रत्यक्ष कामात जात होता आणि ‘डब्ल्यूए’ या अक्षरांपाशी, म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात गेलेल्या वेळेपाशी, 82 हा आकडा होता. माझ्याकडे देखभालीला असलेल्या एका सर्व्हरवरची ही सकाळ. साइट उघडायला अर्धा अर्धा मिनिट लागत होता, आणि शोध घेता घेता मुळाशी निघाली ती 61 जीबीची एक लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रॅम आपल्या घडामोडी ओळीओळीने नोंदवतो ती फाइल.

अशा वेळी तपास ज्या क्रमाने करावा त्याच क्रमाने हा लेख लिहिला आहे. लेखातल्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन छोट्या अक्षरांत टाइप कराव्यात, आणि जिथे मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे. सगळे विवेचन लिनक्सपुरते, म्हणजे उबुंटू, डेबियन आणि रेड हॅटच्या घराण्यातल्या सर्व्हरपुरते आहे.

लोडचा आकडा नेमके काय सांगतो

लिनक्समध्ये लोड ॲव्हरेज म्हणजे प्रोसेसरचा वापर नव्हे, ही गोष्ट मनात पक्की नसेल तर पुढचा सगळा तपास भरकटतो. या आकड्यात दोन प्रकारच्या प्रोसेस, म्हणजे सुरू केलेले प्रोग्रॅम, मोजल्या जातात : ज्या प्रोसेसरवर चालू आहेत किंवा प्रोसेसर मिळण्याची वाट पाहत आहेत त्या, आणि ज्या बहुधा डिस्ककडून उत्तर येण्याची वाट पाहत अशा अवस्थेत अडकल्या आहेत की त्यांना मध्येच उठवता येत नाही त्या. या दुसऱ्या अवस्थेला ‘डी’ स्टेट म्हणतात. तिची मोजणी लिनक्समध्ये 1993 पासून होते, आणि इतर बऱ्याच युनिक्स प्रणालींत ती होत नाही. त्यामुळे लिनक्सवर प्रोसेसर रिकामा बसलेला असताना लोड 27 वर जाऊ शकतो. पंचवीस प्रोसेस डिस्कपुढे रांगेत उभ्या असल्या की झाले.

तीन आकडे अनुक्रमे शेवटच्या 1, 5 आणि 15 मिनिटांचे असतात. पहिला आकडा तिसऱ्यापेक्षा मोठा असेल तर लोड अजून चढतो आहे, आणि उलट असेल तर तो उतरतीला लागला आहे. आकडा नेहमी कोअरच्या संख्येशी ताडून पाहावा; चार कोअरवर 4 चा लोड चिंतेचा नसतो, एका कोअरवर मात्र तोच लोड त्रासाचा ठरतो.

मोठी फाइल एकटी लोड वाढवत नाही

या विषयावर मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे ते हे. लॉग फाइलच्या शेवटी एक ओळ जोडायला, ती फाइल 1 एमबीची असो की 60 जीबीची, जवळपास सारखाच वेळ लागतो. फाइल नुसती मोठी असल्यामुळे सर्व्हर मंदावत नाही. तो मंदावतो तीन कारणांनी : ती मोठी फाइल कोणीतरी वारंवार वाचत असते, किंवा तिने डिस्क भरून टाकलेली असते, किंवा तिच्यात ओळी इतक्या वेगाने पडत असतात की लिहिण्यातच डिस्कची ताकद संपते. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. म्हणून फाइल दिसली की पुसून टाकणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे होते. लोड तात्पुरता उतरतो, आणि काही आठवड्यांनी तोच फोन पुन्हा येतो.

पहिली पायरी : अडकलेल्या प्रोसेस आणि डिस्कची अवस्था

‘व्हीएमस्टॅट 1’ चालवावे आणि दहा-पंधरा ओळी पडू द्याव्यात. ‘आर’ या रकान्यात प्रोसेसरसाठी थांबलेल्या प्रोसेस दिसतात आणि ‘बी’ या रकान्यात डिस्कसाठी अडकलेल्या. ‘बी’ मोठा आणि ‘आर’ लहान असेल तर दुखणे डिस्कचे आहे. नंतर ‘पीएस -ईओ स्टेट,पीआयडी,सीएमडी’ ही कमांड देऊन ज्या ओळी मोठ्या डी ने सुरू होतात त्या गाळून घ्याव्यात. एकदाच पाहून निष्कर्ष काढू नये; दोन दोन सेकंदांनी पाच-सहा वेळा पाहावे. जी नावे पुन्हा पुन्हा येतात ती लिहून ठेवावीत.

‘सिसस्टॅट’ हे पॅकेज बसवलेले असेल तर ‘आयओस्टॅट -एक्स 1’ मधून डिस्कनिहाय चित्र मिळते. त्यातले ‘अवेट’चे आकडे, म्हणजे एका मागणीला सरासरी किती मिलिसेकंद थांबावे लागले ते, मी सर्वांत आधी पाहतो. वापराची टक्केवारी 100 दिसली तरी एसएसडीवर ती फसवी असू शकते, कारण अशी डिस्क एकाच वेळी अनेक मागण्या हाताळते. कोणती प्रोसेस किती वाचते आणि किती लिहिते हे ‘पिडस्टॅट -डी 1’ किंवा ‘आयओटॉप -ओ’ सांगते. इथे वाचन जास्त आहे की लेखन, हे नीट पाहावे. वरच्या तीन कारणांपैकी आपले कोणते, याचा निम्मा निकाल इथेच लागतो.

सर्व्हर क्लाउडवर असेल तर आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी. ॲमेझॉनच्या जीपी2 प्रकारच्या डिस्कला प्रत्येक जीबीमागे सेकंदाला 3 व्यवहारांचा हक्काचा वेग असतो, म्हणजे 100 जीबीच्या डिस्कला 300. गरजेप्रमाणे ती 3,000 पर्यंत जाते, पण साठवलेले क्रेडिट असेतोवरच. एखादी लॉगची प्रोसेस रात्रभर डिस्क राबवत राहिली तर पहाटे क्रेडिट संपते आणि सकाळी साइटला दहावा हिस्सा वेग उरतो.

दुसरी पायरी : जागा कुठे गेली

‘डीएफ -एच’ ने कोणते विभाजन किती भरले ते कळते, आणि ‘डीएफ -आय’ ने आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी फाइलसिस्टीममधली नोंद) किती उरले ते. लहान लहान लाखो लॉग फाइली तयार करणाऱ्या ॲप्लिकेशनमुळे जागा शिल्लक असूनही आयनोड संपतात, आणि तरीही ‘जागा नाही’ हीच त्रुटी येते. एक्स्ट4 फाइलसिस्टीममध्ये मुळात 5 टक्के जागा रूट, म्हणजे सर्वाधिकारी, वापरकर्त्यासाठी राखून ठेवलेली असते. त्यामुळे साध्या प्रोसेसना लिहिता येत नसले तरी रूट म्हणून आपली चाचणी फाइल बिनदिक्कत तयार होते आणि आपण चकतो.

डिस्क भरल्यावर लोड का वाढतो, हेही इथेच समजून घेतलेले बरे. मायएसक्यूएल या डेटाबेसचे उदाहरण घ्या. डिस्क पूर्ण भरली की तो सरळ बंद पडत नाही. लिहिण्याची क्रिया रोखून धरतो, दर मिनिटाला जागा झाली का ते पाहतो आणि दर दहा मिनिटांनी त्याची नोंद करतो. तेवढ्या वेळात त्याच्याकडे आलेल्या क्वेरी तुंबतात, त्यांची वाट पाहणाऱ्या पीएचपीच्या प्रोसेस तुंबतात, आणि वरून नवे वाचक येतच राहतात.

मोठ्या फोल्डरचा शोध ‘डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=1 /व्हार’ असा वरून खाली घेत जावा. ‘एक्स’ दिल्याने शोध त्याच फाइलसिस्टीमपुरता राहतो. आधीच दमलेल्या डिस्कवर ‘डीयू’ हेसुद्धा ओझेच आहे, म्हणून ते ‘आयओनाइस -सी 3’ लावून चालवावे. अर्थात डिस्कचा शेड्युलर त्याची दखल घेणारा असेल तरच त्याचा उपयोग होतो. /व्हार/लॉग मध्ये ‘लास्टलॉग’ नावाची फाइल ‘एलएस’ मध्ये प्रचंड दिसू शकते, पण ती विरळ फाइल आहे, मधे पोकळ. ‘डीयू’ ने तिचा खरा आकार पाहिला तर तो नगण्य निघतो. याउलट ‘बीटीएमपी’ खरोखर वाढते. बाहेरून एसएसएचवर पासवर्ड लावून पाहणाऱ्यांच्या फसलेल्या प्रयत्नांची नोंद तीत होते, आणि इंटरनेटवर उघड्या असलेल्या सर्व्हरवर असे प्रयत्न रात्रंदिवस चालू असतात.

‘डीएफ’ म्हणते डिस्क भरली, आणि ‘डीयू’ ची बेरीज मात्र तिच्या निम्मीही होत नाही, असे झाले तर पाणी वेगळ्याच ठिकाणी मुरते आहे. कोणीतरी लॉग फाइल पुसली आहे, पण ती उघडून बसलेली प्रोसेस अजून जिवंत आहे. अशा फाइलचे नाव जाते, जागा सुटत नाही. ‘एलएसओएफ +एल1’ या कमांडने, यात एल मोठा, अशा सगळ्या फाइली, त्या धरून बसलेल्या प्रोसेसचा क्रमांक आणि फाइल डिस्क्रिप्टरचा, म्हणजे त्या प्रोसेसने उघडलेल्या फाइलला मिळालेला, क्रमांक दिसतो.

तिसरी पायरी : लिहितो कोण आणि वाचतो कोण

फाइल सापडली की ‘एलएसओएफ’ ला तिचा पूर्ण मार्ग द्यावा. ती उघडून बसलेल्या सगळ्या प्रोसेस समोर येतात. चौथ्या रकान्यात डिस्क्रिप्टरच्या आकड्याला डब्ल्यू जोडलेला असेल तर ती लिहिणारी, आर असेल तर वाचणारी.

माझ्या त्या सर्व्हरवर ही यादी काढली तेव्हा लिहिणारी एकच प्रोसेस होती आणि वाचणाऱ्या नऊ. नऊही ‘ग्रेप’, म्हणजे फाइलमध्ये मजकूर शोधणारी कमांड. कोणीतरी चांगल्या हेतूने क्रॉनमध्ये (ठरावीक वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीत) एक स्क्रिप्ट लावली होती : दर पाच मिनिटांनी संपूर्ण लॉग चाळायचा आणि ठरावीक त्रुटी सापडली तर ईमेल पाठवायचा. डिस्क सेकंदाला साधारण 120 एमबी वाचत होती. या हिशेबाने 36 जीबीपर्यंतची फाइल पाच मिनिटांच्या आत वाचून होते. तोपर्यंत कोणाला काही जाणवले नाही, महिनोन् महिने नाही. फाइल 36 जीबीच्या पुढे गेली त्या दिवसापासून आधीचा ग्रेप संपायच्या आत पुढचा सुरू होऊ लागला. दोघे एकाच डिस्कवर वेगवेगळ्या ठिकाणी वाचत असल्यामुळे दोघांचाही वेग घटला, म्हणून तिसरा आला तेव्हा दोघेही तिथेच होते. सगळ्यांत जुना ग्रेप 40 मिनिटांहून अधिक काळ चालू होता. ‘काल संध्याकाळपर्यंत तर सगळे नीट होते, आम्ही काहीही बदललेले नाही’ असे फोनवर सांगणारा माणूस खरेच बोलत होता.

वाचणारे नेहमी ग्रेपच असतात असे नाही. भेटींचे अहवाल काढणारे एडब्ल्यूस्टॅट्ससारखे साधन, रात्रीचा बॅकअप, व्हायरस स्कॅनर, ॲडमिन पॅनेलमध्ये ‘लॉग दाखवा’ हे बटण दाबले की अख्खी फाइल मेमरीत ओढणारे प्लगइन, आणि खुद्द लॉगरोटेट (जुनी लॉग फाइल बाजूला ठेवून नवी सुरू करणारा आणि जुनी दाबणारा प्रोग्रॅम) 50 जीबीची फाइल जीझिपने दाबायला घेतो तो काळ, हे सगळे संशयित आहेत. लोड रोज ठरावीक वेळी चढत असेल तर क्रॉनच्या यादीपासूनच सुरुवात करावी.

फाइल उघडून पाहताना

एवढी फाइल व्हीआय किंवा नॅनोमध्ये कधीही उघडू नये. शेवटचे 100 एमबी पुरेसे असतात. ‘टेल -सी 100एम’, यात एम मोठा, ने तेवढा तुकडा वेगळ्या फाइलमध्ये, शक्यतो वेगळ्या डिस्कवर घ्यावा. मग ‘ऑक’ ने तारीख-वेळेचे रकाने काढून टाकावेत आणि उरलेला मजकूर ‘सॉर्ट’, त्यावर ‘युनिक -सी’ आणि पुन्हा ‘सॉर्ट -आरएन’ असा पुढे देत न्यावा. बहुतेक वेळा लाखो ओळींच्या मागे दोन-तीनच संदेश निघतात : एकच पीएचपी वॉर्निंग प्रत्येक पानागणिक पडणारी, किंवा न मिळणाऱ्या सेवेशी जोडणी करण्याचा अखंड प्रयत्न. हा संदेश लिहून घ्यावा, कारण खरे काम त्याच्यावरच करायचे आहे.

चौथी पायरी : तातडीने जागा आणि श्वास मिळवणे

वाचणाऱ्यांचा गोंधळ असेल तर आधी क्रॉनमधली ती ओळ बंद करावी आणि मग चालू प्रोसेस थांबवाव्यात. क्रम उलटा केला तर पाच मिनिटांत नवी प्रोसेस उभी राहते. त्या दिवशी नऊ ग्रेप थांबवल्यावर एका मिनिटात साइट मोकळी झाली, आणि लोडचा पहिला आकडा चार मिनिटांत 2 च्या खाली आला. फाइलला तोवर हातही लावलेला नव्हता.

डिस्क भरली असेल तर चालू लॉग ‘आरएम’ ने पुसू नये. वर सांगितल्याप्रमाणे जागा सुटणार नाही, उलट फाइल नजरेआड होईल. त्याऐवजी ‘ट्रंकेट -एस 0’ ने ती रिकामी करावी. यात एक बारकावा आहे. लिहिणाऱ्या प्रोसेसने फाइल ‘अपेंड’ पद्धतीने उघडलेली नसेल तर ती आपल्या जुन्याच ठिकाणापासून लिहीत राहते. फाइल लगेच पुन्हा 61 जीबीची दिसते, पण तिचा पुढचा भाग पोकळ असतो. ‘डीयू’ ने खात्री करावी आणि ती प्रोसेस सोयीच्या वेळी रीस्टार्ट करावी. आधीच पुसलेली फाइल असेल आणि रीस्टार्ट परवडणार नसेल, तर /प्रॉक मध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाखालच्या ‘एफडी’ फोल्डरमधला नेमका डिस्क्रिप्टर ‘ट्रंकेट’ ला दिला की जागा तत्काळ सुटते. क्रमांक दोनदा तपासावा. शेजारचा डिस्क्रिप्टर डेटाबेसच्या फाइलचा असू शकतो.

मायएसक्यूएलच्या बायनरी लॉगना मात्र हा उपाय मुळीच लावू नये. नावात लॉग असला तरी तो रेप्लिकेशनचा आणि डेटा परत मिळवण्याचा आधार आहे. प्रतिकृती सर्व्हर कुठपर्यंत पोहोचला ते पाहून, डेटाबेसच्या आतून ‘पर्ज बायनरी लॉग्ज’ या आज्ञेनेच ते कमी करावेत. आवृत्ती 8.0 मध्ये ते मुळात 30 दिवस ठेवले जातात. तुमच्या डिस्कला ते परवडत नसेल तर ती मुदत सेटिंगमध्ये बदलावी.

सिस्टीमडीचा (सर्व्हरवरच्या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेचा) जर्नल, म्हणजे तिचा स्वतःचा लॉग, किती जागा खातो ते ‘जर्नलसीटीएल --डिस्क-युसेज’ सांगते, आणि ‘--व्हॅक्यूम-साइझ=500एम’ (एम मोठा) ने तो आटोक्यात येतो. सेटिंग न केल्यास तो फाइलसिस्टीमच्या 10 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 4 जीबी वाढतो. त्यामुळे 20 जीबीच्या छोट्या सर्व्हरवर 2 जीबी त्याच्याकडे जातात.

पाचवी पायरी : ओळींचा ओघ मुळाशी थांबवणे

मघाशी लिहून घेतलेला संदेश आता हातात घ्यावा. वर्डप्रेसमध्ये चाचणीसाठी डीबग चालू केले आणि तसेच राहिले, लाराव्हेलमध्ये लॉगची पातळी ‘डीबग’ ठेवूनच साइट सुरू केली, मायएसक्यूएलचा ‘जनरल लॉग’ एका तपासासाठी चालू केला आणि बंद करायचा राहिला, ही मला पुन्हा पुन्हा भेटलेली कारणे आहेत. त्रुटी खरी असेल तर ती दुरुस्त करावी. लॉगची पातळी वाढवून ती झाकणे हा उपाय नव्हे. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरचा ॲक्सेस लॉग, म्हणजे भेटींची नोंद, फार वेगाने पडत असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘बफर=32के’ आणि ‘फ्लश=5एस’ द्यावे, म्हणजे प्रत्येक भेटीला एक लेखन न होता ओळी एकत्र लिहिल्या जातात. चित्रे आणि स्टाइलशीट यांच्या भेटींची नोंद गरजेची नसेल तर ती बंद करता येते.

त्रुटी शोधणारी स्क्रिप्ट हवीच असेल तर तिच्या आधी ‘एफलॉक -एन’ लावावे, म्हणजे आधीची चालू असेल तर दुसरी सुरूच होणार नाही. त्याहून चांगले म्हणजे मागच्या वेळी कुठपर्यंत वाचले ते लक्षात ठेवून तिथून पुढचेच वाचणारे ‘लॉगटेल’ वापरावे.

सहावी पायरी : लॉगरोटेटची नीट मांडणी

लॉगरोटेट बहुतेक सर्व्हरवर असतोच. प्रश्न असतो तो आपली फाइल त्याच्या यादीत आहे का, हा. /व्हार/लॉग मधल्या पॅकेजच्या फाइलींची सोय पॅकेजबरोबर येते, पण ॲप्लिकेशन स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहीत असेल तर त्याची नोंद आपल्यालाच /ईटीसी/लॉगरोटेट.डी मध्ये करावी लागते. त्या 61 जीबीच्या फाइलची नोंद कुठेच नव्हती.

अशा नोंदीत मी ‘डेली’, ‘मॅक्ससाइझ 500एम’ (एम मोठा), ‘रोटेट 14’ (चौदा जुन्या फाइली ठेवणे), ‘कॉम्प्रेस’, ‘डिलेकॉम्प्रेस’, ‘मिसिंगओके’ आणि ‘नॉटिफएम्प्टी’ एवढे ठेवतो. ‘साइझ’ आणि ‘मॅक्ससाइझ’ यांत गल्लत होते : ‘साइझ’ दिला की दिवसांचा हिशेब गळतो आणि केवळ आकार पाहिला जातो, ‘मॅक्ससाइझ’ मध्ये दिवस भरला किंवा आकार ओलांडला, यांपैकी जे आधी होईल ते चालते. पण लॉगरोटेट दिवसातून एकदाच चालत असेल तर आकारही दिवसातून एकदाच तपासला जातो, आणि बिघडलेले ॲप्लिकेशन एका रात्रीत डिस्क भरू शकते. म्हणून ‘सिस्टीमसीटीएल एडिट लॉगरोटेट.टायमर’ करून टायमर तासातासाला आणावा. तिथे आधी ‘ऑनकॅलेंडर=’ (ओ आणि सी मोठे) ही ओळ रिकामी देऊन मग ‘आवरली’ची ओळ द्यावी लागते, आणि ‘ॲक्युरसीसेक’ही (ए आणि एस मोठे) एका मिनिटावर आणावे, नाहीतर वेळ पुढेमागे सरकते.

फाइल फिरवल्यावर लिहिणाऱ्या प्रोसेसला नवी फाइल उघडायला सांगावे लागते. एन्जिनएक्सला यूएसआर1 हा सिग्नल पुरतो, अपाचेला ‘ग्रेसफुल’ रीलोड. ज्या ॲप्लिकेशनला असे सांगण्याची सोयच नाही त्याच्यासाठी ‘कॉपीट्रंकेट’ आहे, पण ते शेवटचा पर्याय म्हणूनच वापरावे. त्यात आधी पूर्ण फाइलची नक्कल होते, म्हणजे तेवढीच जागा आणखी लागते आणि डिस्कवर तेवढाच ताण पडतो. शिवाय नक्कल संपणे आणि मूळ फाइल रिकामी होणे यांच्या मधल्या क्षणी पडलेल्या ओळी हरवतात. फाइल आधीच 60 जीबीची असताना ही नोंद प्रथमच चालवली तर लोड पुन्हा आकाशाला भिडेल. तेव्हा आधी हाताने रिकामी करावी, मग नोंद सुरू करावी.

‘लॉगरोटेट -डी’ ने काहीही न बदलता चाचणी होते. फोल्डर गटाला किंवा सर्वांना लिहिण्यास खुले असेल तर लॉगरोटेट सुरक्षेच्या कारणास्तव ती नोंद वगळतो. ‘एसयू’ या ओळीने वापरकर्ता आणि गट सांगितला की अडचण सुटते. चाचणी पाहिली नाही तर ही वगळलेली नोंद महिनोन् महिने कळत नाही.

डॉकर (ॲप्लिकेशन कंटेनर नावाच्या स्वतंत्र कप्प्यांत चालवणारे साधन) वापरणाऱ्यांनी वेगळी काळजी घ्यावी. त्याच्या मूळच्या ‘जेसन-फाइल’ पद्धतीत कंटेनरच्या लॉगला कोणतीही मर्यादा नसते. डॉकरच्या डीमनच्या (मागे सतत चालणाऱ्या प्रोसेसच्या) सेटिंगमध्ये ‘मॅक्स-साइझ’ आणि ‘मॅक्स-फाइल’ द्यावे. ते केवळ नव्याने तयार केलेल्या कंटेनरला लागू होतात, म्हणून जुने कंटेनर पुन्हा तयार करावे लागतात.

किती दिवसांचे लॉग ठेवायचे

हा निर्णय एकट्या डिस्कच्या आकारावर घेता येत नाही. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार भारतातील सेवा पुरवठादार, मध्यस्थ, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी आपल्या माहिती तंत्रज्ञान प्रणालींचे लॉग मागील 180 दिवसांपर्यंत सुरक्षित ठेवणे बंधनकारक आहे. म्हणून वर सांगितलेला ‘रोटेट 14’ हा सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कपुरता समजावा. दाबलेल्या फाइली पुसल्या जाण्याआधीच रोज रात्री वेगळ्या साठ्यावर न्याव्यात. ‘ट्रंकेट’ करण्यापूर्वीही हाच विचार करावा. माझ्या त्या फाइलमध्ये एकच वॉर्निंग कोट्यवधी वेळा होती, तरीही रिकामी करण्याआधी ती दुसऱ्या यंत्रावर, वेग बांधून देऊन, हलवली.

नवा सर्व्हर उभारत असाल तर /व्हार/लॉग वेगळ्या विभाजनावर ठेवावे, म्हणजे लॉगने जागा संपवली तरी डेटाबेसचा श्वास चालू राहतो. 80 टक्क्यांवर इशारा देणारी देखरेखही लावावी. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉगरोटेटची स्टेटस फाइल, डेबियनवर ती /व्हार/लिब/लॉगरोटेट मध्ये असते, उघडून आपल्या फाइलच्या नावापुढे आजची तारीख आली आहे का ते पाहावे. तिथे तारीख नसेल, तर पुन्हा ‘लॉगरोटेट -डी’ पासून सुरुवात करावी.